आठव्या सागराची वाळू

उज्जैनमध्ये कुणाच्या दारात वाळू पडली की गल्लीला दोनच अर्थ लागतात. एक तर वरचा मजला चढतोय, नाहीतर भावाभावांत वाटणी होऊन मधे भिंत येतेय. कुणी माशांसाठी वाळू आणली असेल हे फ्रीगंजपासून गोपाळ मंदिरापर्यंत कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यात ती वाळू एका तगारीत मावण्याइतकीच असली तर संशय आणखी गडद होतो. एवढ्याशा वाळूत माणूस बांधणार काय? तुळशीवृंदावन? की पहिल्याच तगारीला पैसे संपले?

माशांच्या टाक्या दोन जातींच्या. एका जातीत झाडं प्लॅस्टिकची असतात, ती महिन्यातून एकदा काढून साबणानं घासतात. दुसऱ्या जातीत झाडं खरी असतात, आणि मग घासायला माणूसच उरतो. खरी झाडं म्हटली की मुळं आली, मुळं आली की जमीन आली, आणि जमीन आली की भाव आलाच.

हा भाव दुकानात कळतो. टाकीची लांबी-रुंदी सांगितली की दुकानदार आवाज खाली आणून ‘ॲक्वासॉइल’ म्हणतो. म्हणजे भाजलेल्या मातीचे काळे, गोल, गोंडस दाणे. या पंथाचे मूळपुरुष जपानचे ताकाशी अमानो. गृहस्थ आधी व्यावसायिक सायकल-शर्यतींत धावायचे, पुढे निसर्गाचे फोटो काढू लागले, आणि १९८२ मध्ये त्यांनी झाडांच्या टाक्यांची स्वतःची कंपनी काढली. पाण्याखाली हिरवं कुरण, त्यात दगडांचे डोंगर आणि वरून ढगासारखा फिरणारा माशांचा थवा, ही कल्पना जगाला लावली ती त्यांनी. २०१५ साली ते गेले. त्यांच्या कंपनीच्या मातीची पिशवी असते ९ लिटरची. आमची टाकी दोन फुटी, म्हणजे तळ ६० बाय ३० सेंटिमीटर. त्यावर ५ सेंटिमीटरचा थर द्यायचा तर हिशेब येतो बरोबर ९ लिटर. उज्जैनच्या टाकीचं माप जपानला कुणी कळवलं हे कोडंच आहे; पण त्या पिशवीच्या किमतीत आमच्या गल्लीत आठवडाभर गवंडी मिळतो.

बरं, एवढे पैसे मोजून आणलेली ही माती पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडत राहते, म्हणजे तोवर मासे सोडायचे नाहीत. माती आहे, पाणी आहे, दिवा आहे, मासे नाहीत. पाहुणा विचारतो, ‘मासे मेले का?’ तर म्हणायचं, ‘नाही, अजून यायचे आहेत.’ दोन-चार वर्षांत ते गोंडस दाणे विरघळून त्यांचा चिखल होतो. आपल्याकडे मातीची माती व्हायला इतका खर्च येत नाही.

तेव्हा वाळू. ९ लिटर वाळूचं वजन चौदा-पंधरा किलो भरतं. अडचण अशी की वाळू किलोवर विकत नाहीत. ती घनफुटावर विकतात, शंभर फुटी ट्रॉली किंवा मग सरळ डंपर. एका घनफुटात २८ लिटर मावतात, म्हणजे आम्हाला हवी होती एक तृतीयांश फूट. हा आकडा फोनवर ऐकून वाळूवाल्यानं ‘भिया, नेटवर्क नी आ रिया’ म्हणून फोन ठेवला. शेवटी मागच्या गल्लीत बांधकाम चाललं होतं तिथल्या मिस्त्रीला गाठलं.

“कित्ती चइये?”

“पंधरा किलो.”

त्यानं बिडी कानावर अडकवली आणि माझ्याकडे करुणेनं बघितलं. “साब, पंधरा किलो तो शाम तक हमारे जूतों में चली जाती हे.”

पैसे घ्यायला तो तयार होईना. वर एक चहा पाजला. स्वस्त वाळूवर लिहिणाऱ्यांनी ‘अत्यंत स्वस्त’ असं लिहून ठेवलंय. उणे एक चहा असा भाव कुणी नोंदवलेला नाही.

आता ही वाळू कुठली, तर नर्मदेची. शिप्रेच्या काठावरचं गाव आणि वाळू मात्र नर्मदेची. त्याला इलाज नाही. माळवा बसला आहे तो लाव्हाच्या काळ्या खडकावर. हा खडक झिजला की त्याची काळी चिकट माती होते, पांढरी चमकदार वाळू होत नाही. शिप्रेच्या तळात पाय घालून बघा, गाळ सोडायला तयार नसतो. म्हणून डंपर नेमावरकडून, बुधनीकडून विंध्याचा घाट चढून वाळू आणतात. पावसाळ्यात नदीतलं खोदकाम बंद असतं, तेव्हा तिचा भाव असा चढतो की लोक घराचं काम दिवाळीवर ढकलतात.

वाळूचं काय घेऊन बसलात, पाणीही तिचंच. शिप्रा उन्हाळ्यात आटायची, तर २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी नळांतून साडेतीनशे मीटरच्या आसपास वर चढवून शिप्रेच्या उगमाशी आणून सोडलं. २०१६ च्या सिंहस्थात लाखो लोकांनी शिप्रेत स्नान केलं ते याच पाण्यात. कालिदासानं आपल्या मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीला यायला लावलं होतं. आता ढगाला सांगायला नको, पंप आहेत. थोडक्यात, उज्जैनचा माणूस नर्मदेच्या पाण्यात शिप्रास्नान करतो, नर्मदेच्या वाळूच्या घरात राहतो आणि माळव्याचा अभिमान बाळगतो. माझ्या टाकीनं फार वेगळं काही केलं नाही.

पण हा युक्तिवाद आत्यापुढे टिकला नाही.

आमची आत्या म्हणजे उज्जैनच्या मराठी माणसाचा अर्क. राणोजी शिंद्यांच्या मागून इकडे आलेल्या घराण्यातली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तेव्हा आमच्या पूर्वजांना कळवायचं बहुधा राहून गेलं. तेव्हापासून आम्ही इथंच. महाकालाचं मोडलेलं देऊळ राणोजींच्या दिवाणांनी, रामचंद्रबाबा शेणव्यांनी, पुन्हा उभं केलं, हे आत्या अशा सुरात सांगते की चुना तिनंच कालवला होता. तिनं नर्मदा परिक्रमाही केली आहे; बसनं, पण केली आहे. तेव्हा तगारीतली वाळू बघून तिनं पहिला प्रश्न विचारला, “कुठली?”

“नर्मदेची.”

“आणि ही माशांच्या खाली घालणार?”

इकडच्या लोकांची श्रद्धा अशी की नर्मदेतला प्रत्येक कंकर हा शंकर. घरोघरच्या देव्हाऱ्यांतली बाणलिंगं तिथूनच येतात. खरगोन जिल्ह्यातलं बकावां हे गाव तर पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या दगडांची शिवलिंगंच घडवतं. आत्याचं म्हणणं, मोठा कंकर शंकर असेल तर बारीक कणांनी काय घोडं मारलंय? “मासे त्याच्यावर दिवसभर काय काय करतील ते मी बोलून दाखवत नाही. तुझं तू समज.”

मी म्हटलं, “आत्या, नर्मदेतही मासेच राहतात. महाशीर तर मध्य प्रदेश सरकारनं राज्याचा मासा म्हणून जाहीर केलाय.”

“ते तिथले. जन्मानं तिथले. हे दुकानातले.”

“मागच्या गल्लीत याच वाळूनं संडास बांधला.”

आत्यानं क्षणभर विचार केला. “त्यात सिमेंट कालवलेलं असतं,” ती म्हणाली. सिमेंटानं देवत्व उतरतं हा निर्णय कुठल्या ग्रंथातला हे विचारायचं धाडस घरात कुणालाच झालं नाही.

वाळू निवडण्याचं शास्त्र मात्र स्वयंपाकघरातच उमगतं. टाकीला दाणा हवा साधारण एक ते दोन मिलिमीटरचा. फार बारीक असला तर वाळू दडपून बसते, आत हवा खेळत नाही, काळे डाग पडतात, आणि एखाद्या दिवशी बोट घातलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड. फार जाड असला तर माशांचं उरलंसुरलं खाणं दाण्यांच्या फटींत शिरतं आणि तिथंच कुजतं. म्हणून वर गव्हाची चाळण धरायची, खाली रव्याची. गव्हाच्या चाळणीवर राहील ते खडे, रव्याच्या चाळणीतून गळेल ती धूळ, दोन्हींच्या मधे उरेल ती आपली. ही पद्धत बिनचूक आहे. फक्त त्यानंतर गव्हाला आणि रव्याला नव्या चाळण्या आणाव्या लागतात, आणि त्या वाळूच्या हिशेबात धरायच्या की संसाराच्या, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. क्रशरची काळी चुरी मिस्त्री ‘फर्स्ट क्लास’ म्हणून पुढे करतो, ती मात्र घेऊ नये. तिचे कण फोडलेले, धारदार असतात. तळाशी मिशा घासत फिरणारे मासे त्यावर मिशा गमावून बसतात.

मग धुणं. अर्धी बादली वाळू, वर पाणी, हात घालून ढवळायचं आणि गढूळ पाणी ओतून द्यायचं. पाणी नितळ होईपर्यंत हेच. गंभीर धरणाचं पाणी उन्हाळ्यात एक दिवसाआड येतं. त्यातल्या येण्याच्या दिवशी नवरा अंगणात बसून वाळू धुतोय, हे दृश्य आमच्या सौभाग्यवतींनी सगळ्या माहेरला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. “धुतलेली वाळू पुन्हा पाण्यातच घालणार आहेत,” एवढीच टीप तिनं जोडली. ते धुवण आत्याच्या हुकमावरून तुळशीला गेलं. तुळशीत आज इतकी नर्मदा साठली आहे की परिक्रमा तिच्याच भोवती करावी.

खरी ठिणगी पडली ती व्हिनेगरवरून. वाळूत चुन्याचे कण असले तर ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात, आणि बऱ्याच झाडांना ते सोसत नाही. हे तपासायला चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकायचं. फसफसलं तर चुना आहे, गप्प बसलं तर वाळू नेक. नर्मदेच्या बाबतीत हे करायलाच हवं, कारण ती वर भेडाघाटला संगमरवराच्या कड्यांमधून येते, आणि संगमरवर म्हणजे चुनाच, राजवाड्यातला. मी बाटली उघडली आणि आत्या मागे उभी.

“तिकडे महाकालाची झीज होते म्हणून आरओचं पाणी, तेही अर्धा लिटर मोजून,” ती म्हणाली, “आणि इकडे तू शंकरावर ॲसिड ओततोस?”

यात अतिशयोक्ती फक्त ‘ॲसिड’पुरती होती, आणि तीही फारशी नाही. महाकालाच्या लिंगाची झीज थांबावी म्हणून भाविकानं ५०० मिलिलिटरच आणि तेही आरओचं पाणी वाहावं, हा नियम २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य झाला आहे. सर्वोच्च न्यायालय आणि आत्या एका बाजूला असल्यावर माणसानं काय करावं? मी गच्चीवर जाऊन परीक्षा घेतली. दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. एवढा संगमरवर माळव्यातल्या झाडांना चालतो. आमच्या बोअरिंगच्या पाण्यात याहून जास्त असतो.

आता या वाळूचा सर्वांत मोठा दोष सांगतो: ती काहीच करत नाही. तिच्यात झाडांसाठी खत नाही, ती पाण्याला आंबट करत नाही, गोड करत नाही, नुसती बसून राहते. ॲक्वासॉइलचे भक्त यावरून तिला नावं ठेवतात. मला विचाराल तर उज्जैनसारख्या गावात, जिथं दूधवाल्यापासून व्हाइस चॅन्सलरपर्यंत प्रत्येकाचं माझ्या टाकीबद्दल काही ना काही मत आहे, तिथं मत नसलेली एखादी वस्तू घरात असणं ही चैन आहे. झाडांना खायला घालायची सोय निराळी करावी. मुळांशी खताच्या गोळ्या खोचता येतात. जावा फर्न, अनुबियास यांना तर जमीनच लागत नाही. लाकडाला दोऱ्यानं बांधून टाकलं की झालं.

आणि खायला घालायची सर्वांत जुनी सोय आमच्या परसातच आहे. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड बाईंनी १९९९ मध्ये एक आख्खं पुस्तक लिहून सांगितलं की तळाला इंचभर साधी माती घाला, वर वाळूचं झाकण द्या आणि झाडांना त्यांचं काम करू द्या. माळव्याच्या काळ्या मातीत पोटॅश आहे, चुना आहे, आणि अन्नांश धरून ठेवायची ताकद तर एवढी की सोडवून घ्यायला मुळांनाच झटावं लागतं. तिच्यात कमी असतात ते नत्र आणि स्फुरद. आता या दोन्हींचा घरपोच पुरवठा कोण करतं? मासे. जे आत्याला बोलून दाखवता येत नव्हतं, तेच. फक्त ही माती भिजली की फुगते, म्हणून थर पातळ द्यायचा आणि वर वाळू सढळ हातानं. एखादं झाड हिसका देऊन उपटलंत तर मात्र टाकीत श्रावणातली शिप्रा उतरते, आणि मासे दिवसभर एकमेकांना शोधत फिरतात.

शिंगाड्याच्या तळ्यातून फुकट आणलेला हायड्रिला आणि दुकानातून आणलेली वॅलिस, दोन्ही या तळावर भरभरून वाढतात. झाडांबरोबर बोलावल्याशिवाय येतात त्या अणकुचीदार शिंपल्याच्या बारीक गोगलगायी. दिवसा वाळूत पुरून घेतात, रात्री बाहेर येतात, आणि येता-जाता आपसूक वाळू उकरून मोकळी ठेवतात. दुकानदार त्यांना कीड म्हणतो. साहजिक आहे, त्यांची पिशवी विकता येत नाही.

खरं तर हे सगळं १८५० मध्येच ठरून गेलं होतं. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं एका काचेच्या भांड्यात तळाला वाळू-चिखल घातला, त्यात वॅलिस लावली, दोन गोल्डफिश सोडले आणि कुजकी पानं खायला तळ्यातल्या गोगलगायी. पाणी न बदलता सगळं जगलं. त्यानं हे केमिकल सोसायटीला लिहून कळवलं. झाडांची टाकी म्हणून जग जे ओळखतं त्याच्या पायात पहिल्यापासून नदीकाठचा माल आहे. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत भर पडली ती मुख्यतः किमतीत.

पण हे कुणाला पटवून सांगावं? मराठी माणूस वाळूतून तेल निघतं यावर शाळेपासून विश्वास ठेवतो. ती गोष्ट मूळ भर्तृहरीची, वामन पंडितांनी मराठीत आणली, आणि भर्तृहरी परंपरेनं आमच्याच गावचा. शिप्रेकाठी त्याची गुंफा दाखवतात. आपण तेवढा अर्धा भाग पाठ केला आणि प्रयत्नवादाच्या तसबिरीत लावला. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही. भर्तृहरीचा मुद्दा तेलाचा नव्हताच. वाळूतून तेल एक वेळ निघेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाची समजूत काढता येणार नाही, असं तो म्हणतो. उज्जैनमध्ये राहून त्याला हे सुचलं याचं मला नवल वाटत नाही. त्याच्या घरी माणसं येत असणार.

आमच्याकडे येतात. पहिले वास्तूवाले काका. टाकी ईशान्येला आहे यावर समाधानी, पण वाळू ‘पृथ्वीतत्त्व की जलतत्त्व’ यावर अडले. दुसरे वाळू म्हणजे वाळवंट आणि वाळवंटात झाडं म्हणजे निवडुंग यापलीकडे जायला तयार नाहीत. तिसरे आतल्या सगळ्या हिरवाईवरून नजर फिरवून हमखास विचारतात, “तळाला ते निळे खडे का नाही घातले? शोभा आली असती.” निळ्या खड्यांचा हा प्रश्न इतक्या लोकांनी विचारला आहे की वर्तमानपत्रात खुलासा द्यावा असं वाटतं.

आत्याची समजूत भर्तृहरीनंही सोडून दिली असती, पण तिनं स्वतःच वाट काढली. उज्जैनमध्ये सात सागर आहेत: रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर वगैरे. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गावानं सात तळ्यांना सागर म्हणून टाकलं आणि प्रश्न मिटवला. अधिक महिन्यात बायका या सातांची यात्रा करतात आणि प्रत्येकाला निराळं दान देतात, एकाला मीठ, एकाला खीर, एकाला मालपुवे. नर्मदेची वाळू आहे, खाली माळव्याची माती आहे आणि वर गंभीरचं पाणी आहे, तेव्हा हा आठवा सागर, असं आत्यानं जाहीर केलं. तोडगा उत्तम होता, पण सागर म्हटला की दान आलं. ती मूठभर मीठ घेऊन निघाली. मीठ झाडांना मानवत नाही, असं सांगून तिला थोपवलं. मग खीर सुचली. शेवटी दोन दाणे माशांच्या खाण्याचे, तेही हळद-कुंकू न लावता, यावर तह झाला. ५४ लिटरच्या सागराला एवढं पुरे.

मिस्त्री परवा बाथरूमची ओल बघायला आला होता. ओल राहिली बाजूला, तो टाकीसमोर उकिडवा बसला. हिरवी पाती हलतायत, त्यातून लाल मासे ये-जा करतायत, खाली पांढरी वाळू. बराच वेळ बघून म्हणाला, “ये अपनी वाली रेत हे?” मी हो म्हटलं. त्याचा चेहरा उजळला. घरी पोरंही मागे लागली होती म्हणे. टाकी केवढ्याला, दिवा कुठला, मासे कुठून घ्यावेत, सगळं त्यानं बारकाईनं विचारून घेतलं. वाळूचं तर विचारायचंच नव्हतं, तिचा मालकच तो. मी चाळणीची युक्ती सांगायला लागलो तर त्यानं हात वर केला.

“नी साब. मैं तो वो नीले वाले पत्थर डालूँगा. रेत तो दिन भर देखता हूँ, घर जा के भी रेत ही देखूँ?”

आत्या आतून ऐकत होती. “बघ,” ती मला म्हणाली, “नर्मदेच्या वाळूवर मासे सोडू नयेत एवढी अक्कल त्याला आहे.”